स्लॉट कारच्या मोटरीला सील लावताना

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेतून विजेवर धावणारी छोटी मॉडेल गाडी. तिच्या शर्यतींत बंद मोटरीचा, म्हणजे मोटर न उघडता धावण्याचा, वर्ग चालवायचा म्हणजे दोन कामं करायची. सगळ्यांना सारखी मोटर द्यायची, आणि शर्यतीच्या दिवशी तीच मोटर न उघडलेल्या अवस्थेत गाडीत आहे याची खात्री करायची. पहिलं काम निवडीचं आणि मोजमापाचं आहे. दुसऱ्यासाठी सील लागतं. सील कसं लावायचं एवढ्यावरच बहुतेक ठिकाणी चर्चा थांबते. ते वाचायचं कसं, हा अर्धा भाग राहूनच जातो. इथे दोन्ही भाग आम्ही ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने लिहीत आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. सील म्हणजे कुलूप नव्हे. एफसी-130 जातीची मोटर म्हणजे सुमारे 20 मिलिमीटर रुंद, 15 उंच आणि 25 लांब असा पातळ पोलादी कॅन. एका टोकाला प्लास्टिकची एंडबेल, म्हणजे झाकण, आत बसवलेली असते आणि कॅनच्या काठाचे टॅब तिच्यावर दाबून वळवलेले असतात. पातळ पातं आणि सवयीचा हात असला की टॅब उचलले जातात, आर्मेचर (आत फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) बाहेर येतं आणि सगळं पुन्हा जागेवर बसतं. हे थांबवण्याचा कुठलाच व्यवहार्य उपाय नाही. सीलने फक्त एवढंच करायचं असतं, की असं काही झालं तर ते नंतर नक्की दिसावं.

उघडून लोक नेमकं काय करतात हे माहीत असलं तर सीलची जागा ठरवणं सोपं जातं. आर्मेचरवर जाड तारेचे कमी वेढे घालतात, वेग वाढतो. कॉम्युटेटर (शाफ्टवरचा तांब्याच्या तुकड्यांचा गोल, ज्यावर ब्रश घासून वेढ्यांना वीज देतात) काही अंश फिरवून टायमिंग, म्हणजे वेढ्यांना वीज मिळण्याची वेळ, पुढे घेतात. मूळ फेराइट चुंबकांच्या जागी निओडिमियम बसवतात, किंवा आहे त्याच चुंबकांमागे पोलादी पत्र्याची पातळ पट्टी सरकवून हवेची फट कमी करतात. कॉम्युटेटर लेथवर गोल करतात, आर्मेचर बॅलन्स करतात, ब्रश आणि स्प्रिंग बदलतात. ही सगळी कामं कॅन आणि एंडबेल यांच्यातला सांधा उघडल्याशिवाय होत नाहीत, म्हणून सील त्या सांध्यावरच हवं. याला अपवाद 16डी जातीच्या मोटरींचा. माबुची या जपानी कंपनीच्या एफटी-16डी या 1960 च्या दशकातल्या मोटरीवरून हे नाव रूढ झालं. या मोटरींचे ब्रश आणि स्प्रिंग बाहेरून दिसतात आणि कॅन न उघडता बदलता येतात. अशा वर्गात ब्रश मोकळे ठेवायचे की तेही सीलखाली घ्यायचे हे नियमात आधी लिहावं लागतं. आमचं मत मोकळे ठेवण्याकडे झुकतं. ब्रश झिजणारच, आणि दर वेळी सील तोडून पुन्हा लावायचं म्हटलं तर दुसऱ्याच महिन्यात सीलबद्दल कुणाला काही वाटेनासं होतं.

सील लावण्याआधीची कामं एकदा सील पडलं की मागे घेता येत नाहीत, म्हणून क्रम पाळावा लागतो. मोटरी खोक्यातून काढल्यावर प्रत्येक मोटर 3 व्होल्टवर, भाराशिवाय, तासभर चालवायची. ब्रशला कॉम्युटेटरची गोलाई येते आणि सुरुवातीचा खरखरीत आवाज बसतो. पाण्यात बुडवून ब्रश बसवण्याची पद्धत वेगवान आहे, पण तिने ब्रश भराभर झिजतात आणि बुशिंगमधलं (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्यांमधलं) तेल धुऊन निघतं. सांध्यात राहिलेली ओल नंतर सीलची पकड बिघडवते. सीलबंद मोटरींसाठी कोरडं रनिंग-इनच बरं.

यानंतर वायरी सोल्डर करून घ्यायच्या. हे काम स्पर्धकावर सोडलं तर टर्मिनलला सोल्डरिंग आयर्न टेकवताना शेजारचं प्लास्टिक नरम पडतं, सीलचा रंग बदलतो, आणि पुढे तपासणीच्या टेबलावर वाद उभा राहतो. वायरी आधीच लावलेल्या असल्या की सोल्डरिंग आयर्न मोटरीजवळ जाण्याचं कारणच उरत नाही. जोड हवा तर वायरीच्या दुसऱ्या टोकाला. पिनियनही (शाफ्टवरचं छोटं दातेरी चाक) याच वेळी दाबून बसवून घ्यावं. पिनियन काढताना-घालताना शाफ्टवर जोर येतो आणि एंडबेल किंचित हलू शकते.

मग मोजमाप. मोटर 6 व्होल्टवर तापमान स्थिर होईपर्यंत चालवायची आणि नंतर 12.0 व्होल्टवर मोजायची. व्होल्टेज पॉवर सप्लायच्या काट्यावर न पाहता मोटरीच्या टर्मिनलवर पाहायचं. भाराशिवायचा वेग, करंट, दोन्ही दिशांना फिरवल्यावर वेगात पडणारा फरक, आणि वाइंडिंगचा रेझिस्टन्स, एवढे आकडे नोंदवायचे. वेगासाठी टॅकोमीटर नसला तरी चालतं. तीन पोलांच्या, दोन ब्रशच्या मोटरीत एका फेरीत करंटला सहा हेलकावे येतात. ऑसिलोस्कोपवर हेलकाव्यांची फ्रिक्वेन्सी 2,100 हर्ट्झ दिसली तर वेग 21,000 आरपीएम; नुसतं दहाने गुणायचं. दोन दिशांच्या वेगात मोठा फरक आला तर टायमिंग एका बाजूला झुकलेलं आहे. मूळ मोटरीत हा फरक किती आहे हे आधीच ठाऊक असेल तरच तो नंतर उपयोगी पडतो.

रेझिस्टन्सच्या बाबतीत नवखे लोक गोंधळतात, कारण शाफ्ट जरा फिरवला की आकडा बदलतो. त्यात बिघाड काही नाही. तीन गुंडाळ्या त्रिकोणात जोडलेल्या असतात. प्रत्येक ब्रश कॉम्युटेटरच्या एकेका सेगमेंटवर (तुकड्यावर) असेल तर दिसणारा रेझिस्टन्स एका गुंडाळीच्या दोन तृतीयांश असतो. एक ब्रश दोन सेगमेंटवर टेकला की तो निम्म्यावर येतो. त्यामुळे शाफ्ट हळूहळू फिरवत एक पूर्ण फेरी मोजायची आणि सर्वांत मोठा व सर्वांत लहान असे दोन्ही आकडे लिहायचे. साध्या मल्टिमीटरच्या प्रोबचा स्वतःचा रेझिस्टन्सच इथे फसवतो. म्हणून 1 अँपिअर स्थिर करंट काही सेकंद सोडून टर्मिनलवरचे मिलिव्होल्ट मोजावेत. आणि प्रत्येक नोंदीशेजारी तापमान लिहावंच. तांब्याचा रेझिस्टन्स अंशाला साधारण 0.39 टक्क्यांनी वाढतो. दहा अंशांचा फरक पडला तर चार टक्क्यांची चूक झाली, आणि तेवढ्यात सरळ मोटर संशयित ठरू शकते.

या सगळ्यांहून जास्त सांगणारा आकडा बॅक-ईएमएफचा, म्हणजे मोटर फिरताना स्वतः तयार करते त्या व्होल्टेजचा. सिलिकॉनच्या नळीच्या तुकड्याने मोटर दुसऱ्या मोटरीला जोडायची, ठरलेल्या वेगाने फिरवायची आणि उघड्या टर्मिनलवर किती व्होल्ट येतात ते पाहायचं. हा आकडा वेढे आणि चुंबकाची ताकद यांच्या गुणाकारावर चालतो. याची गरज का, तर चुंबक पुन्हा चार्ज करायला मोटर उघडावी लागत नाही. बाहेरून मोठ्या कॉइलचा झटका दिला की काम होतं, आणि कितीही उत्तम सील असलं तरी ते जसंच्या तसं राहतं. वर अशी मोटर भाराशिवाय आधीपेक्षा हळू फिरते, कारण जोरदार चुंबकाने बॅक-ईएमएफ वाढतो. टॉर्क आणि ब्रेक मात्र दोन्ही वाढलेले असतात. जो फक्त आरपीएम मोजतो त्याला ही मोटर मंद वाटते आणि तो ती पास करतो. सील आणि मोजमाप एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत, दोन्ही लागतात.

आता खुद्द सील. बाजारात सहज मिळतं ते छापील लेबल, काढलं की मागे अक्षरं उमटवणारं किंवा अंड्याच्या कवचासारखं तुकडे पडणारं. सपाट, थंड, मोठ्या पृष्ठभागावर ते ठीक काम करतं. मोटर लहान, गोलाईची आणि गरम होणारी. कोपऱ्यावरून वळवलेलं लेबल आपोआप कडेने उठतं, उष्णतेने गोंद सरकतो, आणि ज्याला ते मुद्दाम काढायचं आहे तो थंड स्प्रे मारून गोंद कडक करतो किंवा सॉल्व्हंट कडेने मुरवतो आणि लेबल अखंड उचलतो. शिवाय कोऱ्या लेबलांचा रोल एकदा भलत्या हाती गेला की सगळी व्यवस्थाच संपली. वायर ओवून शिशाने दाबायचं सील लावायचं तर कॅनला भोक पाडावं लागतं; जोडलेल्या मोटरीत ड्रिल घातलं की लोखंडाचा कीस थेट चुंबकाला चिकटतो आणि आर्मेचरला घासत राहतो. कार्टिंगमध्ये (छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींत) रोटॅक्स मॅक्सच्या इंजिनांना क्रमांकाचं सील आणि सोबत ओळखपत्र असतं. तिथली वायर योग्य आहे, कारण तिथे बोल्टला भोक पाडायला जागा असते. आपल्याला त्यातली ओळखपत्राची कल्पना मात्र जशीच्या तशी घेण्यासारखी आहे.

आम्ही वापरतो ते चमकी मिसळलेलं पारदर्शक लॅकर. मुद्दा चमकीच्या चकाकीचा नाही. कण पडताना कसे पडतील हे लावणाऱ्यालाही ठरवता येत नाही, त्यामुळे तोच नमुना पुन्हा कुणालाच बनवता येत नाही. हे तत्त्व जुनं आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या धातूच्या सीलमध्ये आतल्या बाजूला असेच न जुळणारे ओरखडे असतात. लावण्यापूर्वी त्यांचा फोटो घेतात आणि काढून आणल्यावर त्याच्याशी ताडून पाहतात. डिसेंबर 2013 मध्ये हॅम्बुर्गच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकरांच्या परिषदेत लॅपटॉपच्या स्क्रूसाठी चमकीचं नेलपॉलिश सुचवलं गेलं, तेही याच तत्त्वावर.

लावण्याची कृती अशी. सांध्याच्या दोन्ही बाजूंचा, टॅबसकट, साधारण 5 मिलिमीटरचा पट्टा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. कापूस नको, त्याचे तंतू राहतात; न झडणारं कापड घ्यावं. एंडबेलचं प्लास्टिक बहुधा नायलॉन जातीचं असतं आणि त्यावर लॅकर नीट धरत नाही, म्हणून 400 नंबरच्या पॉलिश पेपरने तिथला गुळगुळीतपणा घालवायचा. कॅनवर पेपर अगदी हलका फिरवायचा, आणि त्याआधी मोटरीची सगळी छिद्रं मास्किंग टेपने बंद करायची. मग पुन्हा पुसायचं आणि दहा मिनिटं सुकू द्यायचं.

मिश्रणात चमकी दोन आकारांची आणि किमान तीन रंगांची घ्यावी. टूथपिकच्या टोकाने 3 ते 4 मिलिमीटरचा ठिपका असा ठेवायचा, की निम्मा टॅबवर आणि निम्मा प्लास्टिकवर येईल. एका ठिपक्यात वीस ते चाळीस कण दिसायला हवेत. कमी असले तर बारकाईने नक्कल करता येते. जास्त झाले की ते एकमेकांवर चढतात आणि नंतर कुठला कण हरवला हेच कळत नाही.

सर्वांत महत्त्वाची बाब थराच्या जाडीची. मनाला वाटतं, जाड थर म्हणजे मजबूत सील. प्रत्यक्षात उलटं होतं. जाड थराची स्वतःची ताकद त्याच्या पकडीपेक्षा जास्त होते, आणि कडेने पातं सरकवलं की अख्खा ठिपका अखंड निघतो. काम झालं की सुपरग्लूचा एक थेंब, आणि नमुना जसाच्या तसा परत जागेवर. पातळ थर मात्र उचलायला गेलं की फाटतो. थराने चिकटलेलं राहून तुटावं, सुटून येऊ नये, एवढंच पाहायचं. एपॉक्सी याच कारणाने आम्ही टाळतो. पाच मिनिटांत घट्ट होणारं एपॉक्सी तर हेअर ड्रायरच्या उष्णतेनेही नरम पडतं आणि रबरासारखं सोलून निघतं.

दोन्ही टॅबवर एकेक ठिपका, आणि टॅब नसलेल्या बाजूला सांध्यावर तिसरा. तिसरा का, तर एक टॅब पूर्णपणे न उचलता एंडबेल तिरकी काढण्याचा प्रयत्न होतो, आणि तो याच बाजूला उघडा पडतो. ठिपके कुठे येतात ते गाडीत मोटर कशी बसते हे पाहून ठरवायचं. इनलाइन (गाडीच्या लांबीत) बसवलेल्या मोटरीत चेसिसचा ब्रॅकेट जिथे घासतो ती जागा अँगलवाइंडरमध्ये (मोटर तिरकी बसवलेल्या गाडीत) मोकळी असते, आणि उलटही. टर्मिनलपासून 3 मिलिमीटर अंतर सोडायचं. लॅकर हाताला पंधरा मिनिटांत कोरडं लागतं, पण फोटो चोवीस तासांनीच घ्यावा. सुकताना थर आकसतो आणि कण थोडे सरकतात. ओल्या ठिपक्याचा फोटो नंतर जुळत नाही. कॅनवर क्रमांक हाताने स्क्राइबरने कोरायचा. फिरत्या यंत्राने कोरलं की पुन्हा तोच किसाचा त्रास.

फोटो हा सीलचाच भाग आहे, त्यामुळे त्यात घाई चालत नाही. मोटर बसेल असा लाकडी साचा, फोनला ठरलेल्या उंचीचा स्टँड आणि मॅक्रो भिंग, आणि प्रकाश तिरका. चमकीचा कण आरशासारखा असतो. प्रकाशाचा कोन थोडा बदलला की काही कण विझतात आणि दुसरे पेटतात. म्हणून प्रत्येक ठिपक्याचे दोन फोटो, एक डावीकडून प्रकाश टाकून आणि एक उजवीकडून. दिव्याच्या जागा टेबलावर खुणेने पक्क्या करायच्या. फोटोंच्या फाइली, मोजमापांची नोंद आणि क्रमांक यांची एक प्रत तपासनिसाकडे आणि एक स्पर्धकाकडे. स्पर्धकाला प्रत द्यायलाच हवी. वाद झाला तर दोघांकडे एकच पुरावा असतो, आणि तपासनिसाने फोटो बदलला असा संशय घ्यायला जागा उरत नाही. लॅकरची बाटली कुलपात, आणि प्रत्येक खेपेला चमकीचं प्रमाण नव्याने बदलायचं.

शर्यतीच्या दिवशी मोटर त्याच साच्यात ठेवून तेच फोटो पुन्हा घ्यायचे आणि स्क्रीनवर जुना-नवा फोटो एकाच जागी आलटून-पालटून दाखवायचा. दोन फोटो शेजारी-शेजारी ठेवून डोळा बारीक फरक पकडत नाही. एकाच जागी बदलले की सरकलेला कण लगेच उडी मारतो. 1930 मध्ये क्लाइड टॉम्बो यांना प्लुटो याच पद्धतीने सापडला होता. हे काम दोन जणांनी वेगवेगळं करावं आणि निकाल लिहिल्याशिवाय एकमेकांशी बोलू नये.

खरं कौशल्य लागतं ते तडा वाचायला. प्रामाणिक मोटरीच्या सीललाही तडे जातात, आणि याचं कारण साधं आहे. नायलॉन अंशाला पोलादाच्या कित्येक पट प्रसरण पावतं. मोटर पन्नास अंशांनी तापली तर 5 मिलिमीटरच्या अंतरात दोघांमध्ये सुमारे 0.02 मिलिमीटरचा फरक पडतो. ठिसूळ थराला एवढं पुरे. असा तडा केसासारखा बारीक असतो, सांध्याच्या रेषेनेच जातो, आणि दोन्ही काठांवरचे कण फोटोतल्या जागीच असतात. दोन काठ मनाने जोडले तर नमुना पूर्ण जुळतो. उघडलेल्या मोटरीत तसं होत नाही. तडा सांधा सोडून टॅबच्या कडेने वळतो, काठ किंचित उचललेले असतात, त्यांच्याखाली हवा शिरल्याने पांढुरकी छटा दिसते, आणि काठालगतचे काही कण नाहीसे झालेले असतात. टॅब परत दाबला असेल तर तो त्याच घडीवर कधीच बसत नाही. वाकल्या जागी पोलादावर नवी चकचकीत रेघ उमटते. सुपरग्लू वापरला असेल तर भोवती पांढरी वाफ धरते, आणि अतिनील टॉर्चखाली थराची चमक दोन तऱ्हांची दिसते. ही टॉर्च पुरावा म्हणून वापरायची असेल तर मूळ फोटोही तिच्या प्रकाशात घेतलेला हवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

क्लीनरचा परिणाम वेगळा दिसतो. असिटोन असलेला स्प्रे लागला की ठिपक्याचा पृष्ठभाग वितळून गुळगुळीत होतो, कडा पसरतात आणि कण एकाच दिशेला वाहिलेले दिसतात. हे बेईमानीचं लक्षण नाही, पण सील संपलेलं असतं. म्हणून मोटर देतानाच सांगावं: बुशिंगला सुईच्या टोकावरून एक थेंब तेल, बाहेरून कोरडा ब्रश, आणि स्प्रे अजिबात नाही.

निकाल तीनच प्रकारचे ठेवावेत. सील जुळलं, मोटर पास. सील नैसर्गिकरीत्या खराब झालं, मोजमाप घ्यायचं; आकडे जुळले तर राखीव साठ्यातली मोटर द्यायची, त्या दिवशी कुणालाही दोष नाही. सील छेडलेलं दिसलं, तर मोटर स्पर्धकासमोर उघडायची. न उघडता ठपका ठेवू नये. सील फक्त सांधा हलला एवढं सांगतं, आत काय झालं ते सांगत नाही. उघडल्यावर वेढे मोजायचे, तारेची जाडी मायक्रोमीटरने पाहायची, आणि चुंबकांमागे पट्टी आहे का तेही. तुलनेसाठी त्याच खेपेतल्या तीन मोटरी कुणालाही न देता बाजूला ठेवलेल्या असाव्यात, त्यातली एक उघडलेली. मोजमाप जुळवतानाही या तीन मोटरी त्याच दिवशी, त्याच सप्लायवर मोजायच्या. फेराइट चुंबकाची ताकद अंशाला साधारण 0.2 टक्क्यांनी उतरते, त्यामुळे गार सकाळचे आकडे आणि गरम दुपारचे आकडे थेट ताडले तर चांगली मोटर नापास होईल.

सीझन संपल्यावर पहिल्या काही क्रमांकांवर आलेल्या स्पर्धकांच्या मोटरी सील शाबूत असलं तरी उघडून पाहाव्यात, आणि हे नियमात सुरुवातीलाच लिहिलेलं असावं. अमेरिकेतल्या लॉस अलामोस आणि नंतर आरगॉन इथल्या प्रयोगशाळांमध्ये रॉजर जॉन्स्टन यांच्या गटाने शेकडो प्रकारचे सील फोडून पाहिले. महागड्या सीलनेही सुरक्षिततेची हमी मिळत नाही, ते कसं वापरलं आणि तपासलं यावर बरंच अवलंबून असतं, हे त्यांनी वारंवार मांडलं. आपलं सील कुणी न दिसता ओलांडलं का, हे कळण्याचा शाबूत सीलच्या मोटरी उघडण्याशिवाय दुसरा मार्ग नाही. सीलवर एकही ओरखडा नसलेल्या मोटरीत बदललेले वेढे सापडले तर लावण्याची पद्धत बदलायची वेळ झाली. उघडलेल्या मोटरींचे क्रमांक नोंदीत बाद करायचे आणि त्या सरावासाठी द्यायच्या. पुन्हा सील करून त्या वर्गात आणायच्या नाहीत.